विद्यापीठातल्या महालक्ष्म्या

आमच्या नातेवाइकांत माझ्या नोकरीचं वर्णन "ती वर्गणी मागते" असं करतात. त्यात चूक काही नाही. गणपतीची वर्गणी मागणारी पोरं दार वाजवतात, मी व्हिडिओ कॉल लावते, एवढाच फरक. रायपूरच्या एका संशोधन विद्यापीठासाठी परदेशातून देणग्या आणण्याच्या विभागाची मी प्रमुख आहे. विभागात माझ्याखेरीज एक कपाट आणि एक प्रिंटर आहे, आणि तो प्रिंटर परीक्षा विभागही वापरतो.

रुजू झाले तेव्हा मला दिल्लीला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे कडक इस्त्रीच्या सुटातल्या एका माणसाने सांगितलं की दाता संस्थेला पैसे देत नसतो, तो भविष्याला देत असतो. मी ते मनावर घेतलं. परत आल्यावर भविष्याच्या रंगीत पुस्तिका छापून घेतल्या आणि रायपुरात शिकून अमेरिका, कॅनडा, जर्मनीला गेलेल्या लोकांना एकेक करून फोन लावले. सगळ्यांनी भविष्य शांतपणे ऐकून घेतलं. मग जरा घुटमळून जवळजवळ सगळ्यांनी एकच गोष्ट विचारली. "आप रायपुर में ही रहती हैं ना? एक बार मम्मी को देख आएँगी?"

तेव्हापासून आमचं आंतरराष्ट्रीय कार्य सुरू झालं. कोणाच्या मम्मीचा इन्व्हर्टर, कोणाच्या पप्पांचा मोतीबिंदू. हयातीचा दाखला द्यायला मी इतक्या आजोबांना बँकेत नेलं आहे की तिथला कारकून मला वृद्धाश्रमाची संचालिका समजतो. अहवालात ह्या सगळ्याला "दात्यांशी संबंध दृढ करणे" म्हणतात. मला ह्याची चीड यायची. अजूनही येते. शिकल्यासवरल्या बाईने जिन्यात उभं राहून गॅसवाल्याशी भांडावं आणि त्या भांडणातून विद्यापीठाला सूक्ष्मदर्शक मिळावा, ह्यात काहीतरी चुकतंय असं मला वाटतं. पण सूक्ष्मदर्शक मिळाला, हेही खरं.

काकू मला अशाच मिळाल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्याला आमच्या विद्यापीठात एक प्रयोगशाळा उभी करून द्यायची होती. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी धूळ आणि माणसाची फुप्फुसं ह्यांवर आमच्या एक प्राध्यापिका काम करत होत्या. धुळीचे कण मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून रायपूरची धूळ डब्यांत भरून कुरिअरने हैदराबादला जायची आणि तिची माहिती परत यायची. मुलाने हे ऐकलं आणि म्हणाला, आमच्या गच्चीवर ती धूळ रोज येते, आई रोज पुसते. हे यंत्र मी देतो. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

त्याचं मराठी समजण्यापुरतं शाबूत होतं. बोलताना तो हिंदीत घसरायचा आणि मध्येच लाज वाटून परत यायचा. पुढच्या कॉलवर त्याने खरी गोष्ट सांगितली. वडील गेल्यापासून आई रायपुरातल्या बूढ़ापाऱ्यात एकटी राहते. तो दरवर्षी तिला म्हणतो, माझ्याकडे ये. ती दरवर्षी म्हणते, ह्या वर्षीच्या महालक्ष्म्या होऊन जाऊ दे, मग पाहू. महालक्ष्म्या होतात आणि मग पुढच्या वर्षीच्या येतात. बॅटरीवाला माणूस, त्याला प्रश्न सोडवल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

मी काकूंकडे गेले. वर्ध्याकडचं घराणं, काकांची सगळी नोकरी रेल्वेत गेलेली. सिमेंटचं दुमजली घर, खाली भाडेकरूचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान, वर काकू. त्यांनी मला पाहून आधी विचारलं, जेवली का. मग विचारलं, त्यानं पाठवलं का. दोन्हीला मी हो म्हणाले. पहिलं खोटं होतं आणि ते त्यांनी ओळखलं, कारण त्यांनी सरळ ताट वाढलं.

आमच्या विदर्भातल्या घरांत भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात हे सांगायला नको. दोन बहिणी येतात, पहिल्या दिवशी आणायच्या, दुसऱ्या दिवशी जेवू घालायच्या, तिसऱ्या दिवशी निरोप द्यायचा. मुखवटे वर्षभर तांदळात ठेवायचे. एकदा घरात बसल्या की दरवर्षी बसवायच्या, खंड पडू द्यायचा नाही. काकूंच्या सासूबाईंनी ते काकूंच्या हाती दिलं, काकूंनी कोणाच्या हाती द्यायचं हा प्रश्न होता. सून गुजराती होती आणि स्वभावाने चांगली होती, पण तिकडच्या घरात आग लागल्याची घंटा होती. धूप लावला की ती वाजायची आणि बंब यायचा. हे काकूंनी मला अत्यंत गंभीरपणे सांगितलं. देवींच्या आरतीला बंब आलेला त्यांना चालणार नव्हता.

पुढच्या कॉलवर मुलाने तोडगा सांगितला. त्याने त्यावर बराच विचार केलेला दिसत होता. माणसं मरतात, म्हणाला, घरं विकली जातात, पण विद्यापीठ राहतं. तर विद्यापीठाने आमच्या महालक्ष्म्या कायमच्या घ्याव्यात. दरवर्षी रीतीप्रमाणे बसवाव्यात. त्याचा खर्च वेगळा देतो. देणगीच्या करारात तसं कलम टाका. मग आईकडे कारण उरणार नाही, आणि मी तिला घेऊन जाईन.

मी म्हणाले, विचारून सांगते. माझी अपेक्षा होती की कुलगुरू हसतील. कुलगुरू भौतिकशास्त्रातले आहेत आणि देणगी ह्या शब्दापुढे ते कधीच हसत नाहीत. ते म्हणाले, "कर लेंगे." विधी अधिकाऱ्यांनी मात्र फाइल महिनाभर दाबली. विद्यापीठाने देवी बसवाव्यात की नाही हा त्यांचा आक्षेप नव्हता. एखाद्या वर्षी बसवल्या नाहीत तर काय होईल, हे त्यांना हवं होतं. मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, कोप होईल. विधी अधिकाऱ्यांनी विचारलं, कोणावर. काकू म्हणाल्या, सही ज्याची असेल त्याच्यावर. त्यानंतर विधी अधिकाऱ्यांनी मसुद्यात बदल करून सही कुलगुरूंची ठेवली आणि विषय "सांस्कृतिक वारसा जतन" ह्या सदरात घालून मोकळे झाले.

ठरलं असं की त्या वर्षी महालक्ष्म्या विद्यापीठाच्या अतिथिगृहात बसवायच्या. मुलगा अमेरिकेहून येईल, काकू सगळी रीत दाखवून देतील, आणि तिसऱ्या दिवशी देवींना निरोप दिला की करारावर सही. आई त्याच्याबरोबर जाईल. तिकीट त्याने काढूनच ठेवलं होतं. काकूंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं, आणि फक्त विचारलं की अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात पुरण वाटायला काय आहे. मला वाटलं, झालं. आमच्या धंद्यात समोरचा तपशील विचारायला लागला की काम झालं असं समजतात.

काकू आल्या त्याच मुळी तयारीने. अंगावर इरकल, मागे ऑटोत देवी उभ्या करायच्या कोठ्या, साड्या, मुखवट्यांचा डबा, सोळा भाज्यांची पिशवी. अतिथिगृहाचा स्वयंपाकी छत्तीसगढी, त्याला त्यांनी अर्ध्या तासात कामाला लावला. तो प्रत्येक वाक्याला हव, म्हणजे हो, म्हणायचा आणि त्याला हवं तेच करायचा. काकूंचं त्याच्याशी उत्तम जमलं.

काकूंच्या घरची रीत अशी की दारातून आणल्यावर देवींना आधी सगळं घर दाखवायचं. हळदीकुंकवाची पावलं काढत, ताटली चमच्याने वाजवत एकेका ठिकाणी थांबायचं. मुखवटा धरणारीने विचारायचं, इथं काय आहे. बाकीच्यांनी म्हणायचं, भरून आहे. धान्याची कोठी, दागिन्यांची पेटी, मुलांची खोली, सगळीकडे भरून आहे. थोरली काकूंच्या हातात, धाकटी माझ्या हातात. स्वागतकक्षापुढे थांबलो. इथं काय आहे? मुलगा मोबाइलवर चित्रण करत होता, तो म्हणाला, "रिसेप्शन." काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, भरून आहे. मग चादरींची खोली, सेमिनार हॉल, जनरेटर. प्रत्येक ठिकाणी भरून आहे. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं हे फक्त मला माहीत होतं.

मग काकू थांबल्या आणि म्हणाल्या, ती लॅब कुठं आहे. ज्या कामासाठी एवढं चाललं आहे ते देवींना दाखवायचं नाही का. तर आम्ही ताटली वाजवत आवारातून निघालो. विद्यार्थी बाजूला झाले, सुरक्षारक्षकाने चप्पल काढली. प्राध्यापिका पांढऱ्या कोटात दारात उभ्या होत्या. यंत्रासाठी त्यांनी एक लांब टेबल रिकामं करून ठेवलेलं होतं. काकूंनी विचारलं, इथं काय आहे. प्राध्यापिका प्रामाणिक आहेत. त्या म्हणाल्या की अजून काही नाही, मशीन यायचं आहे. काकूंनी मुखवटा छातीशी धरला आणि समजावून सांगितलं की लक्ष्मीला नाही असं कधी सांगायचं नसतं. पुन्हा विचारलं. प्राध्यापिकांनी त्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "भरून आहे." मी इतकी वर्षं भविष्याच्या पुस्तिका छापते आहे, त्यातलं एकही पान मला इतकं जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. पुरणपोळी, कढी, वडे, ज्वारीची आंबील. कुलगुरूंनी आंबील दोनदा मागून घेतली आणि तिच्यात कोणते जिवाणू असतात ह्याबद्दल माहिती दिली. पंगत चालू असताना मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, आवाजात आनंद होता त्याच्या, "आता तर झालं ना आई? आता काहून नाही म्हणशील?" काकू तूप वाढत होत्या. त्यांनी त्याच्याही पोळीवर तूप घातलं. सगळ्यांनी ते हो समजून घेतलं. मीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी देवींना निरोप दिला. काकू स्वयंपाकघरात खाली पाट घेऊन बसल्या होत्या, मुखवटे फडक्याने पुसत. मी शेजारी बसून साड्यांच्या घड्या घालत होते. बाहेर सभागृहात सहीची तयारी चालली होती. टेबलावर विद्यापीठाचा निळा कपडा अंथरला होता, फोटोवाला आला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, तिकडे थंडी असेल, स्वेटर घेतले का. काकूंनी फडकं खाली ठेवलं.

"बाई, मले जायचंच नाही."

मी घडी हातात धरून बसले. मला पहिल्यांदा आठवलं ते यंत्र, मग आठवल्या काकू. खोटं कशाला सांगू, ह्याच क्रमाने आठवलं.

त्या शांतपणे बोलत होत्या. एकदा गेल्या होत्या, म्हणाल्या, सून बाळंतीण होती तेव्हा. घर मोठं, सगळी चांगली. सकाळी सगळे निघून जायचे. रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. इथं खालच्या दुकानात दिवसभर भांडणं चालतात, कोणाचं कव्हर बसत नाही, कोणाला पैसे परत पाहिजे. जिना चढून कोणी ना कोणी येतं. तलावाकडे संध्याकाळी एक चक्कर होते. आपल्याला काही दुःख नाही. पण आईने मुलाला सरळ नाही कसं म्हणायचं, एकुलता एक आहे. म्हणून देवींचं नाव सांगत राहिल्या. देवींना कोणी आग्रह करत नाही. आता देवी इथं आल्या, आता आपल्याजवळ सांगायला काही राहिलं नाही.

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. राग कोणाचा ते ठरवता आलं नाही. त्याचा म्हणावा तर तो प्रेमानेच हे करत होता. करार मी लिहिला होता, पण काकूंनीही एक शब्द काढला नव्हता. मग माझ्या डोक्यातली सवयीची बाई जागी झाली, जी प्रत्येक अडचणीतून वाट काढते. मी म्हणाले, "काकू, सोपं आहे. एकदा बसल्या की दरवर्षी बसवायच्या ना? मग आता त्या तुमच्या घरीबी बसतीन आन इथंबी बसतीन. दोन घरचं तुमच्याशिवाय कोण करन? असं सांगा त्याले."

मला हे फार नामी वाटलं होतं. दोन्ही बाजू राखणारं कलम. काकूंनी डब्यात तांदूळ सारखे केले.

"किती वर्षं त्याइच्या मागं लपू मी?"

आणि त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मी त्यांच्या मागे गेले. सभागृहात मुलगा निळ्या कपड्याच्या टेबलाशी उभा राहून विधी अधिकाऱ्यांशी बोलत होता. कुलगुरू यायचे होते. काकू त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला, मी त्याला हाताने थांबवलं.

"तू इकडं येतं का राहायले?" काकूंनी विचारलं.

तो हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि हसू थांबवलं. त्याने सांगायला सुरुवात केली, नोकरी, मुलांच्या शाळा, बायकोचा व्यवसाय. त्या मान हलवत ऐकत होत्या, खरंच ऐकत होत्या. शेवटी तो म्हणाला, "आई, घर आहे माझं तिथं."

"हव," काकू म्हणाल्या. "माझं इथं आहे."

विधी अधिकाऱ्यांना मराठी समजत नाही, तरी त्यांनी कागद उचलून छातीशी धरले. मुलगा बाहेर व्हरांड्यात गेला. काकू खुर्चीवर बसल्या आणि पदराने कपाळ पुसलं. मी प्राध्यापिकांना काय सांगायचं ते मनात जुळवू लागले, आणि कुलगुरूंना काय सांगायचं ते जुळवलं नाही, कारण त्याला जुळवणी नव्हती. आपण काकूंना अडवायला हवं होतं असं मला एकदाही वाटलं नाही, एवढं मात्र सांगते. माझ्या नोकरीत अशी वेळ फार येत नाही.

तो आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने विधी अधिकाऱ्यांकडून करार मागून घेतला, महालक्ष्म्यांच्या कलमावर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. मग बाकीच्या प्रत्येक पानावर केली. विधी अधिकाऱ्यांनी विचारलं, हे कलम का काढताय. तो मला म्हणाला, हिंदीत नव्हे, मोडक्या मराठीत, "आईले कुठं जायचं नाही, तर तिच्या देवांले काहून पाठवायचं?" कुलगुरू आले तेव्हा फक्त त्यांची सही बाकी होती. त्यांनी ती केली आणि आंबील उरली आहे का विचारलं.

संध्याकाळी मी दोघांना बूढ़ापाऱ्यात सोडायला गेले. सदर बाजाराकडून निघालो आणि तिथे नेहमीप्रमाणे अडकलो. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. कोठ्या मी आणि ड्रायव्हरने वर नेल्या. मुखवट्यांचा डबा मुलाने घेतला आणि तो जिना चढू लागला, मागे काकू, कठड्याला धरून, एक एक पायरी. वर पोचल्यावर त्या दम घ्यायला थांबल्या.

"तू जाशीन तवा मले वाईट वाटन," त्या त्याला म्हणाल्या. "रडीन पण. पण माझ्या घरात रडीन."

तो हव म्हणाला, आणि डबा कुठे ठेवायचा ते विचारलं.